कोयोटची नजर, कुत्र्याचे डोळे : एका साध्या प्रश्नाचा दोनशे वर्षांचा प्रवास

१/
कोयोटला पाळीव कुत्र्यापेक्षा चांगले दिसते का? प्रश्न वरवर पाहता प्राणिशास्त्राचा आहे. परंतु तो कोणी, कधी आणि कशासाठी विचारला याचा मागोवा घेतला, की अमेरिकेतील मूलनिवासींच्या कथा, मेंढ्यांची कुरणे, विषाची आमिषे, पाव्हलॉव्हची प्रयोगशाळा आणि एका जन्मांध कुत्र्याला लाभलेली दृष्टी असा मोठा पट समोर येतो. हा धागा त्या पटाचा.

२/
प्रथम ओळख. कोयोट हा उत्तर व मध्य अमेरिकेतील श्वानकुळातला प्राणी. लांडग्यापेक्षा लहान, सडपातळ, पिवळसर डोळ्यांचा. त्याला कधी कधी ‘अमेरिकन कोल्हा’ म्हटले जाते, पण आपल्याकडचा कोल्हा ही वेगळी जात. मात्र कोल्हा, लांडगा, कुत्रा आणि कोयोट हे चौघेही ‘कॅनिस’ या एकाच प्रजातीत मोडतात. ‘कोयोट’ हा शब्द अॅझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेतील ‘कोयोत्ल’वरून आला. मेक्सिको शहरातील ‘कोयोआकान’ या भागाच्या नावात तो आहे, आणि १५व्या शतकातील टेक्सकोकोचा कवी-राजा नेसाहुआलकोयोत्ल याच्या नावातही. त्या नावाचा अर्थ ‘उपवासी कोयोट’.

३/
कोयोटच्या डोळ्यांची चर्चा विज्ञानाने सुरू केली, असे मात्र नाही. पश्चिम अमेरिकेतील अनेक मूलनिवासी समाजांत एक कथा थोड्याफार फरकाने आढळते. कोयोट स्वतःचे डोळे काढून हवेत उडवण्याचा खेळ शिकतो, मर्यादा विसरून तो पुन्हा पुन्हा खेळतो आणि अखेर डोळे गमावून बसतो. नवाहो लोकांत सांगितल्या जाणाऱ्या कथेत त्याला पाइन वृक्षाच्या डिंकाचे नवे डोळे मिळतात. म्हणून त्याची बुबुळे पिवळी. लोककथाकारांनी पिवळ्या बुबुळांचे हे वेगळेपण अचूक हेरले होते, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संदर्भ येणार आहे.

४/
युरोपीय वंशाच्या प्रवाशांनी या प्राण्याची नोंद घेतली ती कुत्रा आणि लांडगा यांच्याशी तुलना करीतच. १८०४ साली लुईस व क्लार्क यांच्या मोहिमेने त्याला ‘गवताळ प्रदेशातला लांडगा’ म्हटले. १८२३ साली थॉमस से या निसर्गशास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि नाव दिले ‘कॅनिस लॅट्रन्स’, म्हणजे भुंकणारा कुत्रा. अर्थात शास्त्राच्या दप्तरात कोयोट दाखल झाला तो त्याच्या आवाजामुळे. त्याच्या नजरेची चौकशी व्हायला आणखी दीड शतक जावे लागले.

५/
दरम्यान त्याच्या नजरेविषयी साहित्याने निकाल देऊन टाकला होता. मार्क ट्वेनच्या ‘रफिंग इट’ (१८७२) या प्रवासवर्णनात कोयोट येतो तो भुकेला, ओशाळवाणा आणि चोरट्या नजरेचा होऊन. याच वर्णनात शहरातून आलेला एक कुत्रा त्याचा पाठलाग करतो आणि कोयोट त्याला झुलवत झुलवत मागे टाकतो. प्रसंग विनोदी आहे, पण त्यातून जी प्रतिमा रुजली ती विनोदी राहिली नाही. कुत्रा प्रामाणिक आणि कोयोट लबाड, ही विभागणी पुढे सरकारी धोरणाच्या कामी आली.

६/
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिम अमेरिकेत मेंढ्यांचे आणि गुरांचे प्रचंड कळप आले. लांडग्यांचा बीमोड होत गेला तसा रोष कोयोटवर वळला. १९१५ साली अमेरिकन काँग्रेसने शिकारी प्राण्यांच्या नियंत्रणासाठी ‘ब्युरो ऑफ बायॉलॉजिकल सर्व्हे’ला निधी दिला. १९३१च्या कायद्याने या मोहिमेला कायमचे अधिष्ठान मिळाले. स्ट्रिकनीनची आमिषे, सायनाइड उडवणारे सापळे आणि १९४०च्या दशकापासून ‘कंपाउंड १०८०’ नावाचे अतिशय तीव्र विष, अशी शस्त्रे वापरात आली.

७/
इतिहासकार डॅन फ्लोरेस यांनी ‘कोयोट अमेरिका’ (२०१६) या ग्रंथात १९४७ ते १९५६ या एका दशकात पश्चिमेत मारल्या गेलेल्या कोयोटांचा आकडा सुमारे ६५ लाख इतका दिला आहे. तरीही कोयोट संपला नाही. उलट लांडगा नाहीसा झाल्याने मोकळ्या पडलेल्या प्रदेशांत तो पसरला. आज तो अलास्कापासून पनामापर्यंत आढळतो, शिकागोसारख्या महानगरांतही. इतकी वर्षे ज्या प्राण्याविरुद्ध युद्ध चालवले, त्याला जग कसे दिसते हे पाहण्याची गरज मात्र त्या काळात कोणाला वाटली नव्हती.

८/
आता दुसरी बाजू : कुत्रा. त्याच्या दृष्टीचा पद्धतशीर अभ्यास रशियात सुरू झाला. सेंट पीटर्सबर्गमधील इव्हान पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत लेऑन ओर्बेली यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कुत्र्यांवर दृष्टीचे प्रयोग केले. पद्धत प्रसिद्धच आहे. विशिष्ट प्रकाशखूण दिसताच खाद्य द्यायचे, आणि काही काळाने केवळ ती खूण दिसताच लाळ सुटते का ते पाहायचे. रंग बदलला तर कुत्रा फरक ओळखतो का, हा प्रश्न होता. निष्कर्ष नकारार्थी आला. करड्या रंगाच्या सूक्ष्म छटा मात्र कुत्रे उत्तम ओळखत.

९/
‘कुत्र्याला सारे काळे-पांढरेच दिसते’ ही समजूत विसाव्या शतकात सर्वत्र रूढ झाली, त्यात अशा निष्कर्षांचा वाटा मोठा होता. इथे एक जुनी अडचण होती. दोन रंगांचे तेज समान नसेल, तर प्राणी रंग ओळखतो की केवळ उजळपणातला फरक, हे सांगता येत नाही. आणि तेज समान करायचे तर ते माणसाच्या डोळ्यानुसार करून चालत नाही, त्या प्राण्याच्या डोळ्यानुसार करावे लागते. त्या काळच्या उपकरणांना हे जमणे कठीण होते.

१०/
रंग बाजूला ठेवून दुसरा प्रश्न विचारला गेला : किती दूरचे दिसते? १९३६ साली पोलीस दलातील १४ कुत्र्यांची परीक्षा घेण्यात आली. त्यांतील सर्वांत तीक्ष्ण नजरेच्या कुत्र्यांनी हलणारी वस्तू ८१० ते ९०० मीटरवरून ओळखली. तीच वस्तू स्थिर असताना मात्र ५८५ मीटर किंवा त्याहून जवळ आल्यावरच ती ओळखता आली. कुत्र्याच्या नजरेचे मर्म या आकड्यांत आहे : बारकाव्यांपेक्षा हालचाल टिपण्यात ती सरस. पुढे ‘कोयोटला चांगले दिसते’ असे कोणी म्हणाले, की विचारायचा पहिला प्रश्न हाच : स्थिर वस्तू, की हलणारी?

११/
कोयोटच्या इंद्रियांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष गेले ते राजकारणाने घेतलेल्या वळणानंतर. ८ फेब्रुवारी १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी संघराज्याच्या जमिनींवर शिकारी प्राण्यांसाठी विष वापरण्यास बंदी घातली. मेंढपाळ संतापले. विष नको तर मग काय, हा प्रश्न विद्यापीठांपुढे आला. १९७४ साली कार्ल गुस्टाव्हसन, जॉन गार्सिया आणि सहकाऱ्यांनी मांसात लिथियम क्लोराइड घालून कोयोटच्या मनात मेंढीच्या चवीविषयी तिटकारा निर्माण करण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. कोयोटला चकवायचे तर त्याच्या कोणत्या इंद्रियाला चकवावे, हा विचार आता अपरिहार्य झाला. (ही बंदी १९८२ साली रोनाल्ड रेगन यांनी मागे घेतली, हा पुढचा अध्याय.)

१२/
या पार्श्वभूमीवर फिलिप लेनर आणि त्यांचे सहकारी यांचे दोन अभ्यास महत्त्वाचे ठरतात. पहिला १९७५चा, स्टीव्हन हॉर्न यांच्यासोबत : कोयोटच्या डोळ्यांची अंधुक प्रकाशातील संवेदनशीलता मोजण्याचा. श्वानकुळातील डोळ्यांत मंद प्रकाशासाठीच्या दंडपेशींचे प्रमाण मोठे असते. दृष्टिपटलामागे ‘टॅपेटम ल्युसिडम’ हा परावर्तक थर असतो. निसटलेला प्रकाश तो पुन्हा पेशींकडे धाडतो. रात्री मोटारीच्या दिव्यांत कुत्र्याचे वा कोयोटचे डोळे चमकतात ते याच थरामुळे. ही देणगी दोघांनाही वारशाने मिळाली आहे. काही छोट्या पाळीव वाणांत मात्र हा थर आक्रसलेला आढळतो.

१३/
दुसरा अभ्यास १९७८चा, मोजमापाचा : वेल्स आणि लेनर यांचा. एका खोलीत ससा ठेवायचा आणि कोयोटला तो शोधायला किती वेळ लागतो ते मोजायचे. कधी दृष्टीचा आधार काढून घ्यायचा, कधी श्रवणाचा, कधी गंधाचा. कधी दोन आधार एकदम. सर्व जोड्यांचे वेळ ताडून पाहिल्यावर जो क्रम लागला तो असा : प्रथम दृष्टी, मग श्रवण, मग गंध.

१४/
श्वानकुळ म्हणजे नाक, या रूढ कल्पनेला हा धक्का होता. तरी निष्कर्षाचा अर्थ बेताने लावायला हवा. प्रयोग बंद खोलीत, जवळच्या अंतरावर झाला. मोकळ्या माळावर वारा वाहतो, गंध दुरून येतो, बर्फाखाली दडलेला उंदीर दिसत नाही पण त्याची खुडबुड ऐकू येते. ‘कोयोटचे नाक दुबळे’ असा निष्कर्ष यातून निघत नाही. सावज टप्प्यात आल्यावर अखेरचा कौल डोळा देतो, एवढे मात्र निघते. मेंढपाळाच्या दृष्टीनेही त्याला अर्थ होता : केवळ वासाच्या बळावर कोयोटला रोखू पाहणारे उपाय अपुरे पडण्याचा संभव मोठा.

१५/
रंगाचा गुंता १९८९ साली सुटला. जे नाइट्झ, टिमोथी गाइस्ट आणि जेराल्ड जेकब्ज यांनी तीन पाळीव कुत्र्यांवर काटेकोर वर्तन-प्रयोग केले. कुत्र्याच्या दृष्टिपटलात दोन प्रकारच्या शंकुपेशी असल्याचे दिसून आले. एकीची संवेदनशीलता सुमारे ४२९ नॅनोमीटरला, तर दुसरीची सुमारे ५५५ नॅनोमीटरला शिखर गाठते. सोप्या भाषेत : कुत्र्याला निळा आणि पिवळा वेगळे दिसतात, तांबडा आणि हिरवा यांत मात्र त्याची गफलत होते. ऐंशी वर्षांचे ‘काळे-पांढरे’ तीन कुत्र्यांनी पुसून टाकले.

१६/
१९९३ साली जेकब्ज आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांसोबत खोकडांच्या जातीही तपासल्या. तिथेही जवळपास तीच दोन रंगद्रव्ये सापडली. उत्क्रांतीच्या वृक्षावर खोकड कुत्र्यापासून बराच दूर, कोयोट मात्र अगदी जवळ. दूरच्या फांदीवरही तीच व्यवस्था असेल, तर ती सामायिक पूर्वजाकडून आलेली मानावी लागते. म्हणून रंगांच्या बाबतीत कोयोट आणि कुत्रा यांची तुलना जवळजवळ बरोबरीत सुटते. पाळीवपणाने कुत्र्याला ना नवे रंग दिले, ना जुने हिरावले.

१७/
मग फरक आहे कुठे? १९९२ साली जर्मनीतील लेओ पाइश्ल यांनी कुत्रा आणि लांडगा यांची दृष्टिपटले शेजारी शेजारी ठेवून अभ्यासली. त्यांनी मोजल्या त्या गँग्लियन पेशी, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे निरोप नेणाऱ्या पेशी. सर्व लांडग्यांत या पेशींचा एक ठळक आडवा पट्टा आढळला. क्षितिजावरची हालचाल टिपण्यासाठी जणू आखलेला. सर्वाधिक घनता दर चौरस मिलिमीटरला १२,००० ते १४,०००. कुत्र्यांत हा आकडा ६,४०० पासून १४,४०० पर्यंत पसरलेला. काही कुत्र्यांत पट्टा लांडग्यासारखाच ठळक, काहींत फिकट.

१८/
या आकड्यांकडे नीट पाहावे. सर्वोत्तम कुत्रा लांडग्याहून कमी नाही. फरक आहे तो पसरटपणाचा. रानातल्या डोळ्याला निवडीची चाळणी सतत लागलेली असते. मानवाच्या आश्रयाने ती सैल झाली आणि डोळे नाना तऱ्हेचे झाले. २००४ साली ऑस्ट्रेलियातील पॉल मॅकग्रीव्ही, ग्रासी आणि अॅलिसन हार्मन यांनी त्यात आणखी एक धागा जोडला : कुत्र्याच्या नाकाची लांबी आणि त्या पेशींची मांडणी यांचा घट्ट संबंध आहे. लांब तोंडाच्या ग्रेहाउंडसारख्यांत आडवा पट्टा. चपट्या तोंडाच्या पगमध्ये पेशी मध्यभागी एकवटलेल्या.

१९/
त्याच १९९२ साली क्रिस्टोफर मर्फी आणि सहकाऱ्यांनी २४० कुत्र्यांचे डोळे तपासले. अनेक कुत्र्यांची दृष्टी सदोष नव्हती. पण काही वाणांत लघुदृष्टी, म्हणजे दूरचे अंधुक दिसणे, लक्षणीय प्रमाणात निघाली. पशुवैद्यकीय दवाखान्यात आलेल्या जर्मन शेफर्डांपैकी ५३ टक्के लघुदृष्टी होते. अंधांच्या मार्गदर्शनासाठी वाढवलेल्या जर्मन शेफर्डांत हेच प्रमाण १५ टक्के. वाण एकच, पण जिथे माणसाला कुत्र्याच्या नजरेची गरज होती तिथे चाळणी कडक राहिली. दूरचे न दिसणाऱ्या कोयोटला असा आश्रय कोण देणार? त्याची चाळणी भूक करते.

२०/
तथापि या सैल चाळणीला दुसरीही बाजू आहे. ब्रिआर्ड या फ्रेंच मेंढपाळ कुत्र्यांत ‘आरपीई६५’ या जनुकातील दोषाने जन्मजात अंधत्व येते. माणसांच्या मुलांतही हाच जनुक बिघडला तर तसाच आजार होतो. २००१ साली या दोषाच्या कुत्र्यांवर जनुकोपचार यशस्वी झाल्याचे प्रसिद्ध झाले. त्यांतला लॅन्सलॉट नावाचा कुत्रा जगभर गाजला. तोच मार्ग पुढे नेऊन सिद्ध झालेल्या ‘लक्सटर्ना’ या उपचाराला डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. रानात एकही हिवाळा न काढू शकणारा डोळा माणसाच्या घरात टिकला, आणि म्हणून मुलांना दृष्टी मिळण्याची वाट खुली झाली.

२१/
डोळा पाहतो, तसा तो पाहिलाही जातो. २०१९ साली ज्युलियन कामिन्स्की आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की भुवईचे आतले टोक वर उचलणारा स्नायू कुत्र्यांत ठळक असतो, लांडग्यांत तसा नसतो. कुत्र्याची ती केविलवाणी नजर माणसाच्या सहवासातच घडली असावी, असा तर्क निघाला. २०२३ साली जपानी संशोधकांनी बुबुळांचा रंग तपासला : लांडग्यांपेक्षा कुत्र्यांची बुबुळे गडद असतात, आणि गडद डोळ्यांचा कुत्रा माणसांना अधिक स्नेहाळ वाटतो. नवाहो कथेतले डिंकाचे पिवळे डोळे इथे आठवावेत. ते आपल्याला परके वाटतात, त्यामागे डोळ्याच्या क्षमतेचा संबंध नाही.

२२/
आणि २०२४ साली कोयोटने पुन्हा चकवले. अमेरिकेतील संशोधकांनी त्याच्या चेहऱ्याचे विच्छेदन केले तेव्हा भुवई उचलणारा तोच स्नायू तिथेही चांगला विकसित आढळला. म्हणजे ती केविलवाणी नजर पाळीवपणाचीच निर्मिती, हे म्हणणे आता तितके सोपे राहिले नाही. कदाचित तो स्नायू जुना वारसा असेल आणि लांडग्याने तो गमावला असेल. ज्याला शतकभर लबाड नजरेचा म्हणून हिणवले, त्याच्या चेहऱ्यावर आपल्या लाडक्या कुत्र्याचाच स्नायू निघाला.

२३/
या ज्ञानाचा कुरणावर उपयोग काय? पूर्व युरोपात लांडग्यांच्या शिकारीसाठी दोरीवर कापडाच्या पताका लावून त्यांना वळवण्याची जुनी रीत होती. आज अमेरिकेत तीच ‘फ्लॅड्री’ या नावाने कळपांच्या रक्षणासाठी वापरतात; लांडग्यांसाठी, आणि कोयोटांसाठीही. पताका बहुधा लाल असतात. पण दोन शंकुपेशींच्या डोळ्याला तो लाल रंग भडक दिसतच नाही. थबकवते ती वाऱ्यावरची फडफड, अनोळखी हालचाल. १९३६च्या पोलीस-कुत्र्यांनी सांगितलेले सूत्र इथे कामी येते. प्राणी सरावला की परिणाम ओसरतो, हे खरे. पण हा उपाय विषासारखा अविवेकी नाही.

२४/
तर मूळ प्रश्नाचे उत्तर असे. रंगांत दोघे सारखे. मंद प्रकाशासाठीची रचना दोघांना एकाच वारशाने मिळालेली. हालचाल टिपण्यात दोघेही निष्णात. उत्तम दृष्टीच्या लांब तोंडाच्या कुत्र्यापुढे कोयोटची नजर वरचढ मानण्याचे कारण नाही; लघुदृष्टी वा चपट्या तोंडाच्या कुत्र्यापुढे मात्र रानातला कोयोट सहज पुढे जाईल. ‘कुत्रा’ ही एकच नजर नाही, म्हणून ‘कुत्र्यापेक्षा’ या शब्दाला एकच उत्तर नाही.

२५/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात आणखी एक गोष्ट दिसावी. कुत्र्याची दृष्टी विसाव्या शतकाच्या प्रारंभीच प्रयोगशाळेत पोहोचली, कारण तो हाताशी होता. कोयोटची पोहोचली १९७०च्या दशकात, कारण तेव्हा विषाला पर्याय हवा होता. तोवर मारलेल्यांची गणती ठेवली गेली होती, पण त्या प्राण्याच्या डोळ्यांनी जग पाहण्याचा प्रयत्न झाला नव्हता. एखाद्या जीवाविषयी कोणते प्रश्न विचारले गेले आणि कोणते राहून गेले, याची नोंद हीसुद्धा इतिहासाचीच साधनसामग्री आहे.

(धागा समाप्त)